चातुर्मासाचा नेम : काय सोडायचं ते कांदेनवमीच्या आत ठरवा

पंढरपूर : आषाढी जवळ आली की गावोगावी पारावर एकच विचारणा सुरू होते, "यंदा काय सोडलंस?" कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी वांगं, तर कुणी एकभुक्त राहतं. आषाढ शुद्ध एकादशीला देव झोपी जातात आणि कार्तिक शुद्ध एकादशीला जागे होतात, अशी श्रद्धा. मधला काळ तो चातुर्मास. 2023 साली अधिक श्रावण आल्यानं तो पाच महिन्यांचा झाला होता.

एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी येते. त्या दिवशी कांदाभजी, भरीत-भाकरी पोटभर खायची आणि दुसऱ्या दिवसापासून बंद. खंडोबाचं कुलदैवत असलेल्या कित्येक घरांत वांगं थेट चंपाषष्ठीलाच, नैवेद्य दाखवून परत ताटात येतं.

पण ज्याला वांगं तसंही आवडत नाही त्यानं ते सोडून काय साधलं? नेम असा असावा की रोज एकदा तरी त्याची आठवण व्हावी. सोडायचीच तर तंबाखू, मावा, मशेरी सोडावी. दिवसाला 20 रुपयांचा मावा धरला तरी 120 दिवसांचे 2,400 रुपये होतात. पहिला आठवडा जड जातो, चिडचिड होते. तेव्हा घरच्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं. संध्याकाळी मोबाईल बाजूला ठेवून घरात सगळ्यांनी मिळून हरिपाठ म्हणणं हाही नेमच, आणि आजकाल तो उपवासापेक्षा अवघड आहे.

उपवास धरताना शेतीची कामं डोळ्यापुढं ठेवा. याच चार महिन्यांत खुरपणी, फवारणी, उडीद-सोयाबीनची काढणी आणि पुढं ज्वारीची पेरणी येते. उपाशीपोटी पाठीवर पंप घेऊन फवारणी करणं धोक्याचं आहे. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक वेळचं जेवण बंद करू नये. औषध घेऊन पोट रिकामं राहिलं तर साखर एकदम उतरते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बेशुद्धही पडतो. आणि दिवसभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर तीच साखर वर चढते. अशांनी खाण्याचा नेम न धरता वाचनाचा, नामाचा धरावा. देवाला दोन्ही चालतं.

कामातच देव बघायचा म्हटलं तर आपल्याच जिल्ह्यातले, माढा तालुक्यातल्या अरणचे संत सावता माळी आहेत. मळा हेच त्यांचं पंढरपूर होतं. त्यांनी 1295 साली आषाढ वद्य चतुर्दशीला समाधी घेतली. म्हणजे त्यांची पुण्यतिथी चातुर्मासातच येते.

सोलापुरातले ख्रिस्ती बांधव ईस्टरच्या आधी 40 दिवसांचा उपवासकाळ पाळतात, मुस्लिम बांधव रमजानचे रोजे धरतात. तिथंही काय सोडायचं याबरोबर कुणाला काय द्यायचं हे बघितलं जातं. आपल्याकडं हीच गोष्ट उद्यापनात येते.

नेम मध्येच मोडला तर "आता गेलाच" म्हणून सोडून देऊ नये, दुसऱ्या दिवशी परत धरावा. कार्तिकीला उद्यापन करताना जी वस्तू सोडली ती आधी दुसऱ्याला द्यायची, मग आपण खायची, अशी रीत आहे. मावा सोडणाऱ्यानं मात्र मावा वाटू नये. त्या 2,400 रुपयांत एखाद्या लेकराच्या वह्या-दप्तराची सोय होते.