नाव मिळाले, निदान झाले काय?

गेल्या श्रावणात आमच्या एका स्नेह्यांनी एक कागद आमच्यापुढे ठेवला आणि काही न बोलता ते झोपाळ्यावर बसून राहिले. कागद त्यांच्या नातवासंबंधी होता. मुलगा पहिलीतला, जन्म डिसेंबरच्या अखेरीचा. महिन्याभरात शाळेतून तीन चिठ्ठ्या आल्या होत्या : जागेवर बसत नाही, फळ्यावरचे पुरते उतरवून घेत नाही, दुसऱ्याचे बोलणे पुरे होऊ देत नाही. आईबापांनी त्यास एका ठिकाणी दाखविले. वीस मिनिटांच्या भेटीअखेर ‘ए.डी.एच.डी.’ ही चार अक्षरे व त्यांखाली गोळीचे नाव लिहून मिळाले. त्या दिवसापासून घरात दोन तट पडले. सूनबाई म्हणत, “निदान काय आहे ते तरी कळले.” आजीबाई म्हणत, “ह्याचा बाप ह्या वयात कौलांवर चढून बसत असे. त्यास कोणी गोळी दिली नव्हती.” शेवटी स्नेह्यांनी आम्हांस विचारले, “मास्तर, तुम्ही जन्मभर मुले पाहिलीत. ह्यात खरे काय?”

प्रश्न एका घरचा नाही. आज सुशिक्षित घरांतून अतिचंचलता, स्वमग्नता, अध्ययन-अक्षमता, नैराश्य हे शब्द पूर्वी गोवर-कांजिण्यांचे येत तितक्या सहजतेने कानी येतात. ही दुखणी खरोखर वाढली, की नावे ठेवण्याचा हव्यास वाढला, ह्या वादात दोन्ही बाजूंस जाणते लोक आहेत. म्हणून जुन्या पद्धतीप्रमाणे प्रथम पूर्वपक्ष मांडावा, मग उत्तरपक्ष, आणि अखेरीस आम्हांस काय वाटते ते सांगावे, असे योजिले आहे.

पूर्वपक्ष असा : रोगांची यादीच फुगत चालली आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघाने मनोविकारांचा कोश प्रथम १९५२ साली काढला. त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या १९६८, १९८०, १९९४ व २०१३ साली निघाल्या. चौथी आवृत्ती ज्या मंडळाने सिद्ध केली त्याचे अध्यक्ष ॲलन फ्रान्सिस हेच पुढे ह्या पद्धतीचे कठोर टीकाकार झाले, आणि निरोगी माणसांस रोगी ठरविण्याच्या प्रवृत्तीविरुद्ध त्यांनी २०१३ साली ग्रंथ लिहिला. घर बांधणाऱ्यानेच भिंतीस तडा असल्याचे सांगावे, तेव्हा त्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. त्या देशात मुलांतील बायपोलर विकाराच्या निदानासाठी होणाऱ्या दवाखान्यातील भेटी १९९४-९५ पासून २००२-०३ पर्यंतच्या अवघ्या आठ-नऊ वर्षांत सुमारे चाळीसपट झाल्या. आठ वर्षांत मुलांचा मेंदू चाळीसपट बिघडत नाही; बिघडली ती मोजण्याची फूटपट्टी, हे उघड आहे.

दुसरा पुरावा आम्हां शिक्षकांच्या अगदी जवळचा आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशाचे वय ३१ डिसेंबरपर्यंत मोजतात. म्हणजे डिसेंबरात जन्मलेला मुलगा वर्गातील सर्वांत लहान, जानेवारीतला सर्वांत मोठा. तेथील नऊ लाखांहून अधिक मुलांची नोंद तपासून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की डिसेंबरातील मुलग्यांवर अतिचंचलतेचा शिक्का जानेवारीतील मुलग्यांपेक्षा ३० टक्के अधिक वेळा बसला होता, आणि मुलींच्या बाबतीत ७० टक्के अधिक. अमेरिकेत जेथे १ सप्टेंबर ही सीमा आहे, तेथेही ऑगस्टातील मुलांविषयी हाच प्रकार २०१८ साली आढळला. रोग जन्मतारीख पाहून येत नाही. मग ह्या मुलांत वयाचे अपुरेपणच रोग म्हणून लिहिले गेले, असे म्हणणे प्राप्त आहे. आपल्या राज्यातही अलीकडे पहिलीच्या प्रवेशासाठी वय ३१ डिसेंबरपर्यंतच धरतात, हे येथे ध्यानात घ्यावे.

तिसरी गोष्ट शोकाची. चौथ्या आवृत्तीत असा निर्बंध होता की, आप्ताच्या मृत्यूनंतर दोन महिनेपर्यंतचे दुःख सामान्यतः नैराश्यविकार मानू नये. २०१३ च्या आवृत्तीत तो निर्बंध काढून टाकला. दोन आठवडे उदास राहणे ही त्या विकाराची किमान मुदत. आपल्याकडे दिवसवार होऊन घर झाडून घेईपर्यंतच ती भरत आली! पुढे २०२२ साली ‘दीर्घ शोक’ हा निराळा विकार घातला, त्यास मोठ्या माणसांसाठी बारा महिन्यांची मुदत ठेविली. ती वाचून वर्षश्राद्धाची आठवण कोणास होणार नाही? शोकासही कालावधी लागतो, हे आपल्या पूर्वजांनी कोशावाचून जाणले होते.

येथवर पूर्वपक्ष बळकट दिसतो. आता उत्तरपक्ष ऐकावा.

पहिले उत्तर असे की, संख्या वाढली म्हणून निदान खोटे ठरत नाही. अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांपैकी स्वमग्न मुलांचे प्रमाण २००० साली १५० त एक असे नोंदले गेले. २०२२ च्या नोंदीत ते ३१ त एक झाले. परंतु ह्या वाढीत व्याख्या रुंदावल्याचा, तपासणी वाढल्याचा आणि पूर्वी सरसकट ‘मतिमंद’ म्हणून नोंदलेली मुले आता योग्य नावाखाली येऊ लागल्याचा भाग मोठा आहे. लिओ कॅनर ह्यांनी १९४३ साली ह्या अवस्थेचे प्रथम वर्णन केले ते अवघ्या अकरा मुलांवरून. त्या काळी जगात अकराच मुले होती असे थोडेच आहे? पाहणारा नव्हता, म्हणून दिसली नाहीत.

दुसरे उत्तर आमच्या देशाचे. बारा राज्यांत २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत असे निष्पन्न झाले की, निरनिराळ्या मनोविकारांत शेकडा ७० ते ९२ रोग्यांस उपचारच मिळत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञांची संख्या २०१९ च्या एका गणनेप्रमाणे लाख लोकांमागे एकही पुरता भरत नव्हती. जेथे भाताचा दाणा नाही तेथे अजीर्णाची चर्चा करावी, तसे हे होईल. आपल्याच घरांतून पाहा : बाळंतपणानंतर जी सून तीन-तीन महिने बोलेनाशी होते, तिला ‘माहेरची ओढ लागली’ म्हणून सोडून देतात, जी मुलगी वर्गात गप्प बसून खिडकीबाहेर पाहते, तिला ‘गुणाची पोर’ म्हणतात, आणि जे काका पंचवीस वर्षे माडीवरून उतरले नाहीत, त्यांना घर ‘विरक्त’ म्हणते. एकत्र कुटुंबाचा हा मोठा गुण की ते दुबळ्यास सांभाळून घेते. आणि हाच दोष की सांभाळता सांभाळता त्याचे दुखणे झाकूनही टाकते.

तिसरे उत्तर आमच्या अपराधाचे आहे, ते सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सन १९८६ मध्ये आमच्या वर्गात एक मुलगा होता. तोंडी हिशेब सर्वांआधी सांगे. परंतु पुस्तक हाती दिले की ‘कमल’ चे ‘कलम’ वाची, ५६ चे ६५ लिही. आम्ही त्यास आळशी ठरविले. एकच शब्द शंभर वेळा लिहावयास लाविला, सर्व वर्गासमक्ष उठाबशा काढविल्या, आणि त्याच्या वडिलांस ‘ह्याच्या डोक्यात विद्या शिरणार नाही’ असे सांगितले. सातवीनंतर तो शाळेत दिसला नाही. पुढे २०१४ साली तो आमच्या दारी आला. विजेच्या मोटारी बांधण्याचे त्याचे दुकान चांगले चालले होते. त्याच्या हाती मुलीच्या तपासणीचे कागद होते. तिला अध्ययन-अक्षमता आहे, परीक्षेत अधिक वेळ मिळावा, असे त्यांत लिहिले होते. कागद आमच्याकडून वाचवून घेतल्यावर तो म्हणाला, “गुरुजी, हे माझंही होतं का हो?” त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरे झाले असते. आम्हांस उत्तर देता आले नाही.

महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांस परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता व अध्ययन-अक्षमता ह्यांस स्पष्ट स्थान मिळाले. त्या मुलीस नावाने काय दिले? बापास मिळाला होता तो अपमान तिच्या वाट्यास आला नाही. नावाचा हा उपकार लहान नव्हे.

आता आमचा निर्णय. दोन्ही पक्ष एकमेकांस खोडतात असे वरवर दिसते, पण वस्तुतः दोन्ही खरे आहेत. एकाच गावात एका आळीत पाणी साचावे आणि दुसरीत विहीर कोरडी पडावी, तशी ही स्थिती आहे. जेथे पैसा, चिंता व चढाओढ आहे तेथे किरकोळ वेगळेपणासही नाव मिळते. जेथे दारिद्र्य, लाज किंवा अज्ञान आहे तेथे भयंकर दुःखही अनाम राहते. म्हणून ‘निदान फार होते की थोडे’ हा प्रश्नच अपुरा आहे. हे निदान, ह्या मुलाचे, कोणी, किती वेळ पाहून केले, असे विचारावे.

ह्या विकारांची परीक्षा रक्त तपासून होत नाही. वर्तन पाहूनच करावी लागते. म्हणूनच तीत सबुरी हवी. अतिचंचलतेच्या प्रचलित व्याख्येतच अशा अटी आहेत की, लक्षणे निदान सहा महिने टिकलेली असावीत, बारा वर्षांच्या आत दिसलेली असावीत, केवळ शाळेत नव्हे तर घरी किंवा अन्यत्रही असावीत, आणि त्यांमुळे व्यवहारास खरा अडथळा येत असावा. वीस मिनिटांत हे सर्व कसे कळावे? तेव्हा पालकांनी वैद्यास आदराने, पण नेमके विचारावे : मुलाची श्रवणशक्ती व दृष्टी तपासली काय? झोप पुरती होते काय? वर्गात तो वयाने कितवा? शिक्षक व घरचे दोघांचे म्हणणे घेतले काय? औषधावाचून प्रथम काय करून पाहता येईल? आणि औषध दिल्यास ते चालू ठेवावे की थांबवावे, हे केव्हा व कशावरून ठरेल? जो वैद्य ह्या प्रश्नांनी रागावतो तो दुसरा शोधावा. आणि जो शांतपणे उत्तरे देतो त्याचे सांगणे, मनास रुचो वा न रुचो, ऐकावे. चालू असलेले औषध मात्र शेजाऱ्याच्या किंवा आमच्यासारख्या मास्तरच्या सांगण्यावरून एकाएकी बंद करू नये.

स्नेह्यांस आम्ही एवढेच सुचविले. मुलास दुसऱ्या तज्ज्ञांकडे नेले. त्यांनी दोन महिन्यांत चार वेळा पाहिले, वर्गशिक्षिकेशीही बोलणे केले. वयाच्या मानाने मूल ठीक आहे, तूर्त गोळी नको, वर्षाने पुन्हा आणा, असे त्यांनी सांगितले. आजीबाई जिंकल्या असे कोणी समजू नये. तपासून झालेला ‘नाही’ आणि न तपासता केलेला ‘नाही’ ह्यांत अंतर आहे. त्याच तज्ज्ञांनी ‘आहे’ म्हटले असते, तर आम्हीच आजीबाईंची समजूत घालावयास गेलो असतो.

वाग्भटाने अष्टांगहृदयात वैद्यास उपदेश केला आहे की, एखाद्या विकाराचे नाव सांगता आले नाही म्हणून त्याने लाजू नये. कारण सर्वच विकारांस ठराविक नावे असतात असे नाही. विकाराचे स्वरूप, त्याचे स्थान आणि त्याचे कारण जाणून उपाय करावा. हे वचन आम्ही तरुणपणी पाठ केले होते. तरी १९८६ साली त्या मुलापुढे उभे राहून आम्ही स्वरूप पाहिले नाही, कारण शोधले नाही. ‘आळशी’ हे नाव तेवढे ठेविले. तेही एक निदानच होते, आणि ते करावयास आम्हांस वीस मिनिटेही लागली नव्हती.