मुलगा फौजेत जातो म्हणतो? आधी भरती कार्यालयात विचारा

महालात गांधी गेटपासून बडकस चौकापर्यंत कितीतरी दुकाने बापलेकांच्या जोरावर चालतात. मुलगा फौजेत जातो म्हणाला की दुकानातला एक हात कमी होतो. म्हणूनच हा विषय आम्ही व्यापाराच्या पानावर घेतला आहे.

चूक होते ती पहिल्याच पावलाला. चौकशी चहाच्या टपरीवर केली जाते आणि तेथे ‘आत आपला माणूस आहे’ म्हणणारा कोणीतरी भेटतोच. सैन्यभरतीत दलालाला कामच नाही. नोंदणी सैन्याच्या अधिकृत संकेतस्थळावर होते. २०२३ पासून आधी संगणकावर लेखी परीक्षा, मग धावणे व शारीरिक चाचणी आणि शेवटी वैद्यकीय तपासणी असा क्रम आहे. अधिकृत शुल्काशिवाय कोणालाही एक पैसा देऊ नये.

सैन्य भरती कार्यालय नागपुरातच आहे आणि विदर्भातील बहुतेक जिल्हे त्याच्याकडे येतात. मुलाने तेथे स्वतः जावे. अब्बा सोबत गेले तर उत्तमच. जाण्यापूर्वी दहावीची गुणपत्रिका व आधार कार्ड शेजारी ठेवून नाव ताडून पाहावे. एकावर ‘मोहम्मद’, दुसऱ्यावर ‘मो.’, आमच्या घरांत हा घोळ फार. तो आधीच दुरुस्त करून घ्यावा.

कारागिरांनी ट्रेड्समन गटाची चौकशी जरूर करावी. त्यात शिंपी, न्हावी, स्वयंपाकी अशी कामे असतात आणि काही जागांना आठवी पास पुरते. पदवीधर आलिमांसाठी धर्मशिक्षकाच्या, म्हणजे मौलवीच्याही जागा निघतात. (१९६५ च्या युद्धात शहीद झालेले परमवीर चक्र विजेते अब्दुल हमीद शिंप्याचेच चिरंजीव होते.) दाढीविषयी मात्र आधीच स्पष्ट विचारावे. हवाई दलातील अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दलाच्या बाजूने निकाल दिला होता.

आता हिशेब. २०२२ च्या अग्निपथ योजनेनुसार जवानाची भरती चार वर्षांसाठी होते. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, पण हाती २१,०००. चौथ्या वर्षी ४०,०००, हाती २८,०००. कापलेल्या रकमेइतकीच भर सरकार घालते आणि अखेरीस सुमारे १०.०४ लाख रुपये व त्यावरील व्याज करमुक्त मिळते. व्याजाच्या भागाचे काय करावे, हे ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. पेन्शन वा ग्रॅच्युइटी नाही. पुढे कायम होतात ते जास्तीत जास्त २५ टक्के.

म्हणजे चारांपैकी तिघे पंचविशीच्या आतबाहेर घरी परततात, हाती भांडवल घेऊन. ते कोणत्या धंद्यात घालायचे आणि तोवर गल्ल्यावर कोण बसणार, हे अर्ज भरण्यापूर्वीच घरात ठरवावे. अर्जाच्या तारखा व वयाची अट मात्र त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहावी. गेल्या वर्षीच्या कागदावर विसंबू नये.