वाकडे दात, तारेचा उपचार आणि पालकांचा खर्च

मुलाचे पुढे आलेले वा एकमेकांवर चढलेले दात हा केवळ रूपाचा प्रश्न नव्हे. अशा दातांच्या फटींत अन्नकण अडकतात, दात नीट घासले जात नाहीत आणि कीड लवकर लागते. पुढे आलेले पटाशीचे दात खेळताना पडल्यास मोडण्याचा धोकाही अधिक असतो. तथापि कापूस आणि सोयाबीनच्या हंगामावर प्रपंच चालविणाऱ्या बुलढाणा जिल्ह्यातील कुटुंबापुढे तारेच्या उपचाराचा प्रश्न आला, की पहिला विचार खर्चाचा येतो व तो स्वाभाविकच आहे.

खर्च कशाचा?

तारेच्या सौम्य दाबामुळे दाताच्या एका बाजूचे हाड विरघळते व दुसऱ्या बाजूस नवे हाड तयार होते. ही क्रिया मंद असून दात महिन्याकाठी साधारणतः एक मिलिमीटरच सरकतो. म्हणूनच उपचार बहुधा १८ ते २४ महिने चालतो व दर महिन्यास तपासणी करावी लागते. दंतवैद्यकाच्या पदवीनंतर तीन वर्षांचे विशेष शिक्षण घेतलेले तज्ज्ञ हा उपचार करतात. खाजगी दवाखान्यात धातूच्या तारेस साधारणपणे २५ ते ६० हजार रुपये लागतात. दातांच्या रंगाच्या साधनांना त्याहून अधिक, तर पारदर्शक साच्यांना अनेकदा लाखाच्या वर खर्च येतो.

या रकमेत क्ष-किरण चित्रे, आवश्यक तेथे दात काढणे, निखळलेले भाग पुन्हा बसविणे आणि उपचारानंतरचे रिटेनर धरले आहे किंवा नाही, याची पालकांनी आरंभीच लेखी विचारणा करावी. प्रवासखर्च व बुडालेली मजुरीही हिशेबात घ्यावी. बरेच दवाखाने हप्त्यांची सवलत देतात.

अर्धवट उपचार सर्वांत महाग

पहिला हप्ता भरून तार बसविली आणि पुढे पैशाअभावी जाणे थांबले, तर तारेभोवती अन्न साचून चांगले दातही किडतात. तार मध्येच काढल्यास दात पूर्वस्थितीकडे परतू लागतात. म्हणून दोन वर्षे नियमाने जाता येईल, अशी तजवीज झाल्यावरच उपचार सुरू करणे श्रेयस्कर होय.

शासकीय सोय

नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालयांत हा उपचार खाजगी दवाखान्यांच्या मानाने पुष्कळ कमी दरात होतो. तेथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. मलकापूर, नांदुरा व शेगावहून नागपूरला थेट रेल्वेने जाता येते. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार या भागांस छत्रपती संभाजीनगर अधिक सोयीचे आहे. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे भाडे असल्याने आईने मुलास नेल्यास प्रवासखर्चात बचत होते.

प्रतिबंध हीच बचत

दुधाचे दात पडणारच, म्हणून त्यांची हेळसांड करणे चुकीचे आहे. दुधाची दाढ किडून अकाली काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात व खालून येणाऱ्या कायमच्या दातास वाव राहत नाही. अशा वेळी जागा राखणारे छोटे साधन वेळीच बसविल्यास पुढील मोठा खर्च काही वेळा टळतो. चार वर्षांनंतरही सुरू असलेले अंगठा चोखणे, तसेच तोंडाने श्वास घेण्याची सवय याकडेही लक्ष द्यावे. सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा तपासणी करून घेणे इष्ट. अर्थात, आनुवंशिक कारणाने वाकडे येणारे सर्वच दात अशा काळजीने टळत नाहीत.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व शाळांत एकदा तपासणी करतात. त्यात दातांचीही पाहणी होते. शिक्षकांनी अशा दिवशी एकही मूल अनुपस्थित राहू नये याची दक्षता घ्यावी आणि दातांची तक्रार असलेल्या मुलांची नोंद पथकास द्यावी. पंचायत सदस्यांनी तपासणीचा दिवस गावात आधी कळविल्यास पालकही उपस्थित राहतील. दुधाच्या दाढेची कीड त्या दिवशी ध्यानात आली, तर तिच्यावरील उपचार अल्प खर्चात होतो. ती दुर्लक्षित राहिली, तर पुढे त्याच मुलाच्या तारेसाठी हजारो रुपये उभे करण्याची पाळी पालकांवर येऊ शकते.