त्र्यंबकेश्वरच्या वह्या आणि मॉरिशसचे मराठी पूर्वज

त्र्यंबकेश्वरी श्राद्ध करताना पिता, पितामह, प्रपितामह आणि माता, पितामही, प्रपितामही अशा तीन-तीन पिढ्यांची नावे उच्चारावी लागतात. ती विसरली जाऊ नयेत म्हणून तेथील तीर्थोपाध्यायांच्या घरी नामावळ्या, म्हणजे यजमान घराण्यांच्या वंशनोंदींच्या वह्या, पिढ्यानपिढ्या जपल्या गेल्या आहेत. या वह्या आडनाव आणि मूळ गाव यांवरून उलगडतात, जुना मजकूर बहुधा मोडीत असतो आणि कित्येक नोंदी यात्रेकरूंनी स्वहस्ते केलेल्या असतात.

फ्रान्समध्ये हेच काम चर्चने केले. राजा पहिला फ्रान्स्वा याने 1539 मध्ये बाप्तिस्म्यांची नोंद सक्तीची केली, तर 1776 च्या राजाज्ञेने वसाहतींतील जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदींच्या प्रती व्हर्सायला पाठवण्याचे बंधन घातले. त्यामुळे मॉरिशस, रेयुनियन किंवा पुद्दुचेरी येथे स्थायिक झालेल्या फ्रेंच घराण्यांच्या वंशजांना आज एक्स-आं-प्रोव्हान्स येथील अभिलेखागारात पूर्वज सापडू शकतात. कॅनडातील फ्रेंच वसाहतवाल्यांत मात्र सैनिकी टोपणनाव मूळ आडनावाला जोडले जाई आणि पुढे एकाच घराण्याच्या दोन शाखा दोन आडनावांनी ओळखल्या जात, त्यामुळे शोध घेणाऱ्याला दोन्ही नावे तपासावी लागतात.

मॉरिशसवर 1715 ते 1810 फ्रेंचांची सत्ता होती, आणि इंग्रजांनी बेट जिंकल्यावरही फ्रेंच कायदे व चालीरीती बव्हंशी कायम राहिल्या. 1834 पासून तेथे उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध, मजूर नेले गेले, आणि त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकण व देशावरची मराठी माणसेही होती. मजुराने आपले आणि बापाचे नाव सांगावे, कारकुनाने कानावर पडेल तसे ते रोमन लिपीत उतरवावे, असा प्रकार असल्याने आडनाव पुष्कळदा कागदावर आलेच नाही. वंशपरंपरागत आडनाव मागणाऱ्या तिथल्या व्यवस्थेत मग बाबाजी, रामजी यांसारखे पूर्वजाचे व्यक्तिनावच सगळ्या वंशाचे आडनाव होऊन बसले.

म्हणूनच मॉरिशसच्या मराठी माणसाने थेट त्र्यंबकेश्वरी येऊन त्या आडनावाची वही मागितली, तर ती मिळणे कठीण. त्याने आधी मोका येथील महात्मा गांधी संस्थेतील आगमन-नोंदी पाहाव्यात, जिथे मजुराचा क्रमांक, जहाज, बापाचे नाव आणि गाव-जिल्हा यांचा तपशील असतो. मग त्या गावात कुळाचा माग काढून मूळ आडनाव निश्चित करावे, आणि त्यानंतरच तीर्थोपाध्यायांकडे जावे. हा क्रम किचकट असला तरी दुसरा भरवशाचा मार्ग नाही.

स्त्रियांच्या बाबतीत फ्रेंच पद्धत निःसंशय सरस ठरते, कारण विवाहानंतरही तेथील दप्तरात स्त्री माहेरच्या आडनावानेच नोंदली जाते आणि त्यामुळे आईकडची वंशरेषा तुटत नाही. मराठी घरांत लग्नानंतर आडनावाबरोबर नावही बदलण्याची रूढी असल्याने एकच स्त्री दोन ठिकाणी दोन अनोळखी बायकांसारखी दिसते. त्र्यंबकेश्वरी जाणाऱ्यांनी वहीत नोंद करताना सुनांची माहेरची नावे, आडनावे आणि गावे, तसेच लेकींची सासरे, अवश्य लिहावीत.