शेतातले धान्य, ताटातले अन्न

महात्मा गांधींच्या प्रेरणेने डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य वर्ध्याच्या मगनवाडीतून चाले. जे. सी. कुमारप्पा यांनी त्याची धुरा वाहिली. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल आणि गूळ यांचा संघाने पुरस्कार केला, तो केवळ खेड्यातील हातांना काम मिळावे म्हणून नव्हे. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र होताना कोंड्याबरोबर ‘ब’ जीवनसत्त्वही निघून जाते, हे आहारशास्त्रीय सत्य त्यामागे होते.

तीन पिढ्यांचे ताट

त्या काळी वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या ताटात ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी असे. बहुतेक जिन्नस गावच्या शिवारातलेच. तथापि ते दिवस सुबत्तेचे नव्हते. मजुराच्या घरी दोन वेळच्या अन्नाची शाश्वती नसे. १९७२ च्या दुष्काळात तर परदेशातून आलेल्या लाल मिलोवर अनेकांना दिवस काढावे लागले.

शिधावाटप व्यवस्थेने हे भय दूर केले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबांतील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पण हे धान्य मुख्यत्वे तांदूळ आणि गहू. दरम्यान पाखरे व रानडुकरांचा उपद्रव, मजुरीचा खर्च आणि सोयाबीनचा रोख पैसा यांमुळे ज्वारी शिवारातून मागे हटली. गांधीजींनी १९३५ मध्ये मगनवाडीत सोयाबीन आहारात वापरण्याचा प्रयोग केला होता. आज त्याच जिल्ह्यात सोयाबीन उदंड पिकते, पण ते शेतकऱ्याच्या ताटात न येता कारखान्यात जाते.

पोट भरले, पोषण उणे

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतुमय पदार्थ व ४ मिलिग्रॅम लोह असते. पांढऱ्या तांदळात ते अनुक्रमे ३ ग्रॅमहून कमी व १ मिलिग्रॅमहूनही कमी असते. कोंड्यासह दळलेली कणीक ज्वारीच्या तोडीची आहे. दोष आहे तो मैद्याचा. बिस्किटे, तळलेले पुडे आणि गोड चहा यांनी न्याहारीची जागा घेतली, हा तिसऱ्या पिढीचा बदल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. दुसरीकडे देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. जंत, वारंवारची बाळंतपणे, घटलेले अंगमेहनतीचे काम अशी इतर कारणेही आहेतच. परंतु आहाराचा वाटा नाकारता येणार नाही.

उपाय घरातच

यासाठी जुन्या काळात परतण्याची गरज नाही. दिवसातून एक वेळ भाकरी, तिच्यासोबत पालेभाजी व डाळ, आणि वर लिंबाची फोड असावी. लिंबामुळे अन्नातील लोह अंगी लागते. जेवणाबरोबरचा चहा लोहाच्या शोषणात अडथळा आणतो, म्हणून तो तासाभराने घ्यावा. बांधावर ज्वारीचे चार तास, परसात शेवगा आणि अंबाडी लावणे अल्पभूधारकासही शक्य आहे. घरातील स्त्री सर्वांत शेवटी व उरलेले जेवते, ही रीत मात्र जुनी असली तरी सोडलीच पाहिजे. शिवार आणि ताट यांचे तुटलेले नाते जोडले गेले, तर पुढील पिढीचे आरोग्य घरच्या चुलीपाशीच सुरक्षित होईल.