छपराची आपत्ती

3 जून 2020 रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटरच्या आसपास होता. श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि राज्याचे लक्ष साहजिकच तिकडे लागले. वादळ मात्र ईशान्येला सरकत सह्याद्री ओलांडून गेले. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाच्या वाटेच्या उजव्या अंगाला वारा अधिक जोराचा असतो, कारण तिथे फिरण्याच्या वेगात पुढे सरकण्याचा वेगही मिळतो. महाड आणि कशेडी घाटाअलीकडचा पोलादपूर हे तालुके या उजव्या अंगालाच होते. समुद्रापासून सरळ रेषेत जेमतेम 40-45 किलोमीटरवरची ही गावे. तरीही चक्रीवादळ म्हणजे किनाऱ्याचे संकट ही समजूत आपल्या नियोजनात पक्की बसली आहे. माझे म्हणणे असे, की गरिबाच्या घरापुरते पाहिले तर चक्रीवादळ ही आधी छपराची आपत्ती आहे. तिच्यावरचा खर्च वादळानंतरच्या पंचनाम्यापेक्षा वादळाआधीच्या छपरावर व्हायला हवा.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 60 किलोमीटरचा वारा 120 वर गेला, की दाब चौपट होतो. उतरत्या छपरावरून जाणारा वारा ते वर खेचतो. दार किंवा खिडकी तुटून वारा आत घुसला, की खालूनही रेटा बसतो. कौल बहुतेक स्वतःच्या वजनावर टिकून असते, पत्रा हुकांवर आणि खिळ्यांवर. म्हणून घर मोडते ते आधी जोडांपाशी: पत्रा आणि रीप, रीप आणि वासा, वासा आणि भिंत. पडवीचा बाहेर आलेला भाग बहुधा पहिला उचलला जातो. पागोळीच्या कडेला हुक जवळजवळ लावणे, वासे लोखंडी पट्टीने भिंतीला जखडणे, कौलांच्या कडेच्या ओळी चुन्या-सिमेंटात बसवणे हे उपाय गावातल्या सुताराच्या आणि गवंड्याच्या आवाक्यातले आहेत. मात्र ज्या घरात भाताचे बियाणे आणि चार महिन्यांचा किराणा घेतल्यावर हातात काही उरत नाही, तिथे हा खर्च दरवर्षी पुढच्या वर्षावर जातो.

त्या वर्षी तर टाळेबंदीने मुंबईचा रोजगार थांबला होता. चाकरमानी गावी परतले होते आणि तिकडून येणारा पैसा आटला होता. वारा आला रोहिणी नक्षत्रात, पेरणीच्या तोंडावर. मोसमी पाऊस आठवड्या-दोन आठवड्यांवर आलेला आणि इथला वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. आता मदतीचे निकष पाहा. केंद्राच्या तेव्हाच्या दरांनुसार सपाटीवरच्या पूर्ण पडलेल्या घराला 95,100 रुपये मिळत, तर किमान 15 टक्के पडझड झालेल्या कच्च्या घराला 3,200. राज्याने 'निसर्ग'नंतर दर वाढवले. पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख आणि फळबागेला हेक्टरी 18,000 ऐवजी 50,000 रुपये ठरले. ही वाढ न्याय्यच होती. पण मोजमापाची रीत तीच राहिली. छप्पर उडाले आणि भिंती उभ्या राहिल्या, तर कागदावर ते 'अंशतः नुकसान' ठरते. जूनमध्ये त्याच घरातले धान्य, बियाणे, अंथरूण आणि सरपण भिजले, की कुटुंबाचा संसार पुरता उघड्यावर येतो. आणि हेक्टरी दराचा ज्याच्या नावावर गुंठाही नाही अशा कातकरी कुटुंबाला काय उपयोग?

यावर पहिला आक्षेप असा, की आगाऊ इशारा आणि स्थलांतर यांनी माणसे वाचतात, तेच महत्त्वाचे. ते खरेच आहे. ओडिशात 1999 च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. 2019 च्या 'फनी'त बारा लाखांहून अधिक लोक हलवल्यामुळे हा आकडा शंभराच्या आत राहिला. पण त्याच 'फनी'त लाखो घरे मोडली. जीव वाचवण्याचे गणित सुटले, म्हणजे जगण्याचे सुटले असे होत नाही. दुसरा आक्षेप : अशी वादळे इथे विरळा. तरीही 11 नोव्हेंबर 2009 ला 'फयान' अलिबाग-मुंबईदरम्यान किनाऱ्यावर आले, 2020 ला 'निसर्ग' धडकले आणि मे 2021 ला 'तौक्ते' कोकणाला घासून गेले. वाऱ्याच्या भाराविषयीचे भारतीय मानक 875 (भाग 3, 2015) चक्रीवादळी क्षेत्र म्हणून 60 किलोमीटर रुंदीचा पट्टा मानते, पण तो पूर्व किनाऱ्याला आणि गुजरातला. हाच पट्टा कोकणाला लावला असता, तर महाड-पोलादपूर त्यात आले असते आणि इथल्या निवारा म्हणून वापरायच्या इमारतींना जादा भार धरावा लागला असता.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळून 80 हून अधिक माणसे गेली, पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या, महाड पुरात बुडाले. मग पैसा वाऱ्यावर का? दरडीखालच्या वाड्यांचे पुनर्वसन आधी व्हावे, यात वाद नाही. पण त्याला जमीन, नवी वसाहत आणि वर्षे लागतात. छपराच्या जोडांना हुक, पट्ट्या आणि काही दिवसांची मजुरी. एका कामासाठी दुसरे अडवण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीने दर एप्रिलमध्ये छपरांची पाहणी करावी, जमिनीचा उतारा न मागता राहत्या घराला साहित्य द्यावे आणि भरपाईत 'छप्पर गेले' हा स्वतंत्र, वरचा निकष धरावा. वारा कोणी अडवू शकत नाही. त्याच्या तडाख्यात कोणाचे घर टिकेल, हे मात्र बव्हंशी आपण आधीच ठरवलेले असते, आणि म्हणूनच ते बदलण्याची जबाबदारीही आपली आहे.