किल्ल्यांचें कडें

जगांत कांहीं वस्तू अशा असतात कीं, त्या हाताशीं असतां त्यांकडे कोणी लक्ष देत नाहीं, आणि त्या हरवल्या म्हणजे मात्र सारें घर डोक्यावर घेतलें जातें. किल्ल्या अडकविण्याचें कडें ही त्यांतलीच एक वस्तु होय. सकाळीं शाळेच्या फाटकांतून आंत येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें आमच्या शिपाईमामांच्या हातांतील कड्याचा खुळखुळाट ऐकला आहे. परंतु त्या कड्यांत किल्ल्या किती, असें विचारल्यास शंभरांत एकालाही उत्तर देतां येणार नाहीं. आम्हीं त्या मोजल्या, सदतीस भरल्या. मामा स्वतः त्या कधींच मोजीत नाहींत. पावसाळ्यांतल्या काळोख्या सकाळीं दिवे गेलेले असतांही ते नुसत्या बोटांनीं चाचपून प्रयोगशाळेची किल्ली कोणती व ग्रंथालयाची कोणती हें ओळखतात. तें कौशल्य पाहूनच ह्या क्षुल्लक वस्तूसंबंधानें चार शब्द लिहावे असें आमच्या मनांत आलें.

प्रथम नांवांचा विचार करूं. कुलूप हा शब्द अरबी 'कुफ्ल' ह्या शब्दापासून आपल्या भाषेंत आला. चावी हा शब्द पोर्तुगीज लोकांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि तेथून घाट चढून वर आला. म्हणजे साताऱ्यांतील एखादी गृहिणी 'कुलपाची चावी कोठें ठेविली?' असें विचारते, तेव्हां ती न कळत अरबस्तान व पोर्तुगाल हे दोन देश एका वाक्यांत जोडीत असते. अनेक कुलपें उघडणाऱ्या एकाच किल्लीला आपण गुरुकिल्ली म्हणतों, आणि हा शब्द मोठा गोड आहे. परीक्षेच्या दिवसांत ह्या नांवाचीं पुस्तकें बाजारांत फार दिसतात. त्यांनीं कोणाकोणाचीं कुलपें उघडलीं, ह्याची चौकशी आम्ही येथें करीत नाहीं.

किल्ली कोणाजवळ असावी, हा प्रश्न किल्ली कोठें ठेवावी ह्या प्रश्नापेक्षां जुना व मोठा आहे. आमच्या शहराच्या माथ्यावर अजिंक्यतारा उभा आहे. शिवकालीन व्यवस्थेंत अशा प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस, सरनोबत असे निरनिराळे अधिकारी असत, आणि एकाच माणसाच्या हातीं सारी सत्ता जाऊं नये अशी ती योजना होती. दरवाज्याच्या किल्ल्या हवालदाराच्या स्वाधीन असत. सायंकाळीं दरवाजे लावून घेणें, ते नीट लागले कीं नाहीं हें पाहणें व सकाळीं ते उघडणें, हें त्याचें नित्याचें काम. गड राखणें म्हणजे पुष्कळ अंशीं त्या किल्ल्या राखणें होतें.

घराची गोष्ट निराळी नाहीं. प्राचीन रोमन लोकांत घराच्या किल्ल्या पत्नीजवळ असत, आणि विवाह मोडला म्हणजे त्या तिच्याकडून परत घेण्याची चाल होती. त्यांच्या कांहीं किल्ल्या इतक्या लहान असत कीं त्या अंगठीलाच जोडलेल्या असून बोटांत घालतां येत. यूरोपांतील श्रीमंत घरांच्या यजमानिणी पुढील काळांत कमरेला एक शोभिवंत आंकडा लावून त्याच्या सांखळ्यांस किल्ल्या, कात्री, सुयांची डबी असे जिन्नस अडकवीत. त्या आंकड्याचें फ्रेंच नांव 'गढीची धनीण' ह्या अर्थाचें आहे. बंगाली स्त्रिया पदराच्या टोकाला किल्ल्या बांधून तो खांद्यावरून मागें टाकीत. आणि आपल्याकडे? आपल्याकडे चांदीचा छल्ला होता. आमच्या विद्यार्थिनींनीं तो हळदीकुंकवाच्या समारंभांत निऱ्यांजवळ खोंवलेला पाहिला असेल व तो केवळ दागिना आहे असें त्यांस वाटलें असेल. परंतु त्याच्या खालच्या कड्यांत कोठीची, फडताळाची व पेटीची किल्ली असे, आणि तो खोंवलेली बाई चालूं लागली म्हणजे घरांत कोण येत आहे हें न पाहतां कळे. सासूनें तो छल्ला सुनेच्या हातीं दिला, त्या दिवसापासून घराचा कारभार बदलला असें लोक समजत. कित्येक घरांत तो दिवस लवकर येई, कित्येक घरांत तो येतच नसे. आणि त्यापायीं किती जणींनीं डोळ्यांतून पाणी काढलें, ह्याचा हिशेब कोणत्याही वहींत नाहीं.

आतां आजचें कडें घेऊं. ते दिसण्यांत साधें असलें तरी त्याची रचना मोठी चतुराईची आहे. पोलादी तारेचे एकावर एक चिकटून असे सुमारें दोन वेढे दिलेले असतात. तारेचें टोंक नखानें उचलून त्या फटींत किल्लीचें भोक सरकवावें, आणि मग किल्ली दोन वेढ्यांच्या मधून पुरा एक फेरा घेऊं लागते. फेरा संपला कीं ती कड्यांत मोकळी होते. बाहेर पडावयाचें तर तिला उलट दिशेनें तसाच फेरा घ्यावा लागेल, आणि त्या वेळीं कोणी तरी फट उघडून धरिली पाहिजे. खिशांतील हिसकाहिसकीनें असें घडत नाहीं. म्हणून किल्ल्या सहसा गळत नाहींत. येथें सारें महत्त्व पोलादाच्या स्थितिस्थापकतेस आहे. ज्यांस प्रत्यक्ष पाहावयाचें असेल त्यांनीं तांब्याच्या जाड तारेचें असेंच कडें वळवून पाहावें. दोनचार वेळां किल्ली घातली व काढली कीं तांब्याचे वेढे फांकलेले राहतात. पोलादाचे वेढे मात्र पुनः एकमेकांस मिठी मारतात. सुतळीपेक्षां कडें श्रेष्ठ कां, ह्याचें उत्तरही यांत आहे: किल्लीच्या धारेनें सुतळी झिजते, तिची गांठ सुटते, आणि मधली एकच किल्ली काढावयाची असल्यास सारा जुडगा सोडावा लागतो.

परंतु कडें सोयीचें आहे म्हणून त्यांत वाटेल तितकें ओझें अडकवूं नये. पुष्कळ तरुण आपल्या दुचाकीच्या अथवा मोटारीच्या किल्लीस घराच्या, दुकानाच्या, कपाटाच्या किल्ल्या, शिवाय एखादी पितळी मूर्ति व बाटली उघडण्याचें हत्यार अडकवितात. अमेरिकेंत २०१४ सालीं एका मोठ्या मोटारकंपनीला सुमारें २६ लक्ष गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलवाव्या लागल्या. त्या गाड्यांतील किल्ली फिरविण्याचा खटका मुळांतच कमजोर होता. जड जुडग्याच्या ओढीनें किंवा रस्त्यावरील धक्क्यानें किल्ली आपोआप मागें फिरे, चालतें इंजिन बंद पडे, आणि अपघाताच्या वेळीं फुगून माणसास वांचविणाऱ्या हवेच्या पिशव्याही निकामी होत. ह्या दोषामुळें झालेल्या १२४ मृत्यूंबद्दल भरपाई देण्यांत आली. दोष खटक्याचा होता हें खरें. तरी दुरुस्ती होईपर्यंत गाडीच्या किल्लीला दुसरें कांहींही अडकवूं नका, असेंच चालकांस सांगण्यांत आलें होतें. पालकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

दुसरी चूक म्हणजे कड्यास नांवपत्त्याची चिठ्ठी लावणें. सज्जनास किल्ली सांपडली तर ती परत येईल. दुर्जनास सांपडली तर त्यास घराची वाटही कळेल. कॅनडा देशांत ह्यावर एक सुंदर तोड निघाली. युद्धांत हातपाय गमावलेल्या सैनिकांच्या संघानें १९४६ सालीं किल्ल्यांस लावण्याचे लहान बिल्ले काढिले. बिल्ल्यावर फक्त एक क्रमांक असतो. तो क्रमांक कोणाचा, हें संघाच्या दप्तरांत नोंदलेलें असतें. किल्ल्या सांपडणाऱ्यानें त्या जवळच्या टपालपेटींत टाकाव्या, कीं त्या संघाकडे जातात आणि संघ त्या मालकाकडे पोंचवितो. हे बिल्ले तयार करण्याचें काम त्या अपंग सैनिकांसच मिळालें. लोकांच्या किल्ल्या परत आल्या आणि सैनिकांस स्वाभिमानाची भाकर मिळाली.

हरवलेल्या किल्ल्यांचा विषय निघाला म्हणून आमच्याच शाळेंतील एक प्रसंग सांगणें भाग आहे. कांहीं वर्षांपूर्वीं वार्षिक परीक्षेच्या पहिल्या दिवशीं मामांच्या हातीं कडें नव्हतें. प्रश्नपत्रिकांचें कपाट बंद, वर्ग बंद, मुलें पटांगणांत उभीं. आदल्या सायंकाळीं एक मुलगा कचेरीच्या दाराशीं रेंगाळतांना दिसला होता. तो चोर आहे असें कोणीं म्हटलें नाहीं. पण त्याच्याजवळ कोणी उभेंही राहीना. आम्हीं स्वतः त्यास दोनदां बाजूला घेऊन 'खरें सांग' असें विचारलें, आणि दोन्ही वेळां तो 'मीं नाहीं घेतल्या, सर' एवढेंच म्हणाला. अर्ध्या तासानें जुडगा पाण्याच्या टाकीच्या झांकणावर सांपडला. रात्रीं नळ बंद करतांना मामांनींच तो तेथें ठेविला होता. परीक्षा झाली; त्या मुलानें पेपर कसा लिहिला असेल, हें विचारण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मामांनीं सर्वांच्या देखत तें कडें त्याच्या हातीं दिलें आणि म्हणाले, 'बाळा, आज हॉल तूं उघड.' तेव्हांपासून त्या कड्याला वीतभर लांबीची एक लांकडी पट्टी बांधलेली आहे. ती कुरूप आहे, पण ती विसरून जाणें अशक्य आहे. पूर्वींच्या हॉटेलांतून खोलीच्या किल्लीस मोठा पितळी बिल्ला लावीत, तोही ह्याच हेतूनें.

किल्ली हातीं देणें म्हणजे काय, हें मामांस कोणत्याही पुस्तकानें शिकविलें नव्हतें. परंतु हाच प्रयोग आपल्या भागांत मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. आज सांगली जिल्ह्यांत असलेलें आटपाडी त्या काळीं औंध संस्थानांत होतें. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि व मूळचे पोलंड देशाचे मॉरिस फ्रिडमन ह्यांच्या विचारानें १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नांवाची कैद्यांची वसाहत स्थापन झाली. तेथें तट नव्हता, कोठडी नव्हती. गंभीर गुन्ह्यांची शिक्षा भोगणारीं माणसें शेती करून आपल्या कुटुंबासह राहूं लागलीं. व्ही. शांताराम ह्यांनीं १९५७ सालीं काढलेल्या 'दो आँखें बारह हाथ' ह्या चित्रपटाची प्रेरणा येथलीच. त्याच औंध संस्थानांत लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली, तेव्हां शिक्षा भोगून आलेल्या माणसांस त्यांनीं रात्रीच्या राखणीस नेमिलें होतें. ज्याच्यापासून कुलूप लावावयाचें त्यासच पहाऱ्यास बसविणें, ह्याला छाती लागते.

आतां संग्रहाविषयीं. महाबळेश्वर, पांचगणीच्या बाजारांत नांवें कोरलेलीं, लांकडाचीं, काचेचीं कडीं टांगलेलीं असतात, आणि सहलीहून परत येणारा प्रत्येक विद्यार्थी एखादें तरी घेऊन येतो. कारण उघड आहे: किंमत थोडी, जागा थोडी, आणि आठवण मोठी. फ्रान्स देशांत १९६० नंतरच्या दशकांत व्यापाऱ्यांनीं जाहिरातीसाठीं अशीं कडीं फुकट वांटण्यास आरंभ केला, तेव्हां तेथें लहानथोरांस त्यांचें वेडच लागलें. ह्या छंदास 'कोपोक्लेफिली' असें लांबलचक नांवही मिळालें. आम्हांस स्वतःस नुसत्या संख्येचें कौतुक नाहीं. खिळ्यावर दोनशें कडीं लोंबत असून त्यांतील एकाचीही हकीकत सांगतां येत नसेल, तर तो संग्रह नव्हे, तें ओझें होय. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, जे 'अज्ञातवासी' ह्या नांवानें कविता लिहीत, त्यांनीं खेडोपाडीं हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, कुलपें अशा घरगुती वस्तू गोळा केल्या. अकालीं गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नांवानें त्यांनीं संग्रहालय उभारिलें आणि १९७५ सालीं तें महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलें. ज्या वस्तू लोक मोडींत देत, त्यांची त्यांनीं विचारपूस केली. आमच्या बालसंग्राहकांनीं निदान प्रत्येक कड्यास एक चिठ्ठी लावून कोणीं दिलें, कोठें व केव्हां, एवढें लिहावें.

गेल्या छंदप्रदर्शनांत आठवीच्या एका विद्यार्थिनीनें आपलीं शंभरावर कडीं मांडिलीं होतीं. रंगीत प्राणी, गड, मोटारी, सारें कांहीं होतें, आणि त्यांभोंवतीं मुलांची गर्दी होती. एका कोपऱ्यांत तारेच्या ओबडधोबड कड्यांत एकच गंजलेली लोखंडी किल्ली होती. तिच्याकडे कोणी पाहत नव्हतें. ती तिच्या पणजोबांची. कोयनेचें धरण झालें, शिवसागर भरला आणि त्यांचें गांव पाण्यांत गेलें. घर सोडतांना त्यांनीं दाराला कुलूप लाविलें होतें. पाण्यांत जाणाऱ्या घराला कुलूप कशासाठीं, असें आम्हीं विचारलें. मुलगी म्हणाली, 'आजीला विचारलं होतं, सर. ती म्हणाली, रोज लावायचे, म्हणून त्या दिवशीं पण लावलं.' चिठ्ठीवर तिनें कुलपाचें ठिकाण ह्या सदरांत गांवाचें नांव लिहिलें होतें, आणि चालू स्थिति ह्या सदरांत 'बंद'.